कंपनीचं तोंड

आक्कांची वरची खोली भाड्यानं मिळावी म्हणून माझी जी परीक्षा झाली, तिच्यात जात, पगार, लग्न यातलं काहीच विचारलं गेलं नाही. आक्कांनी मला एका काचेच्या कपाटासमोर नेऊन उभं केलं, आतल्या दोन बाहुल्या दाखवल्या आणि विचारलं, "ह्यातल्या कुणाची डावी भुवई वर हाय, सांग."

मी नीट बघितलं. दोघीही हातभर उंचीच्या, दोघीही गोऱ्यापान, दोघींच्या डोळ्यांत तोच काचेचा निळा रंग. "दोघींची सारखीच दिसते," मी म्हटलं.

"न्हाय. ही खिडकीकडची केसभर वर हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तुला इंग्लिश लिवता येतं नव्हं? शाळेत शिकवतीस म्हणालीस."

येतं म्हटल्यावर खोली मिळाली. त्या संध्याकाळी माझी गादी अजून जिन्यातच पडलेली असताना मी एका परदेशी कंपनीला आक्कांच्या वतीनं लिहिलं, की आपल्या कारखान्यातून आलेल्या बाहुलीची डावी भुवई उजवीपेक्षा वर असून याबाबत खुलासा व्हावा.

मी बेळगावजवळच्या कडोलीची. टिळकवाडीतल्या एका खासगी शाळेत नोकरी लागली, रोजची ये-जा जमेना, म्हणून आक्कांकडं राहिले आणि बरीच वर्षं राहिले. आता धारवाडला आहे. पण कुणी टापटीप, गुळगुळीत हसणारा माणूस भेटला की अजून आक्कांचा आवाज कानात येतो, "हे कंपनीचं तोंड."

आक्का बँकेत होत्या. काउंटरच्या पलीकडं बसून साऱ्या जन्मात त्यांनी इतक्या सह्या ताडून बघितल्या, की त्यांना माणसं आठवत नसत, सह्या आठवत. रस्त्यात एखाद्यानं नमस्कार केला तर म्हणायच्या, "ह्याचा र मोडका." लग्न केलं नव्हतं. बेळगावातल्या बऱ्याच बायकांसारख्या त्या स्वतःबद्दल बोलताना पुरुषासारखं बोलायच्या, मी गेलतो, मी आलतो. कडोलीतही हे थोडंफार होतंच, त्यामुळं मला नवल वाटलं नाही. पण आक्कांच्या तोंडी ते असं शोभायचं, की ही रीत त्यांच्यासाठीच पडली असावी.

निवृत्त झाल्या तेव्हा सिंगापूरला असलेल्या भाच्यानं, म्हणजे भावाच्या मुलानं, विचारलं, "आत्या, तुला काय पाठवू?" आक्का म्हणाल्या, "ज्याचा मला काडीचा उपयोग न्हाय असं कायतरी पाठव. उपयोगाच्या वस्तूंनी मला लई छळलंय." त्यानं गमतीनं बाहुली पाठवली. आक्कांनी ती गमतीनं घेतली नाही.

ह्या बाहुल्या पोरीबाळींच्या खेळायच्या नव्हेत. राळेच्या, म्हणजे रेझिनच्या, हातात घेतल्यावर दगडासारख्या जड. कोपर, गुडघे, मान, सगळ्या सांध्यांत गोळे आणि आतून ओवलेलं इलॅस्टिक. हात जसा वळवाल तसा राहतो. केसांचा टोप काढता येतो, डोळे बदलता येतात, आख्खं डोकं निघतं. आणि मागवताना कंपनी एक प्रश्न विचारते: तोंड आमच्या कारखान्यात रंगवलेलं पाहिजे, की कोरं? कोरं घेतलं तर आपलं आपण रंगवायचं, नाहीतर एखाद्या कलाकाराकडून पाहिजे तसं रंगवून घ्यायचं. जगभरात हा नाद असलेली माणसं ह्या प्रश्नावर एकमेकांशी तावातावानं भांडतात, हे मला आक्कांच्या फोनवरून कळलं. एक बाजू म्हणते, कारखान्याचं काम एकसारखं, चोख, फसवणूक नाही. दुसरी म्हणते, मग हजार घरांत एकच तोंड, त्यात आपलं काय?

आक्का कट्टर कंपनीवाल्या. "कंपनीचं असलं म्हंजे तक्रार करता येती," त्या म्हणायच्या. "आपण सांगून करून घेतलेल्याची तक्रार कुणाकडं करायची?" आणि तक्रार हाच त्यांच्या नादातला खरा आनंद होता. बाहुली आली की त्या दोन दिवस भिंग घेऊन बसायच्या, मग मला हाक यायची. एकदा तर कंपनीनं कंटाळून ओठांचा कोपरा फिसकटलेल्या एका बाहुलीसाठी दुसरं डोकं पाठवून दिलं. जुनं डोकं आक्कांनी डाळीच्या डब्यांच्या फळीवर ठेवलं. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला माणूस त्यानंतर दारातच सिलिंडर ठेवून जाऊ लागला.

गंमत अशी, की बाकी आयुष्यात ह्या बाईंना तयार असं काही म्हणता काही चालत नसे. ब्लाऊज शिंप्याकडून चार वेळा उसवून आणायच्या. मसाला स्वतः उभं राहून कांडून घ्यायच्या. माझी कणीक मळायची पद्धत बघवेना म्हणून एकदा परात ओढून घेतली. मी एकदा धीर करून विचारलंही, "आक्का, मग तुम्ही लग्न का नाही केलंत?"

"आई-बाबांनी आणलेलं मला पटलं न्हाय," त्या म्हणाल्या, "आणि आपलं आपण करून घ्यायचं धाडस न्हवतं. कोरीच ऱ्हायलो." आणि लगेच, "त्या खिडकीकडचीचं उत्तर आलं काय कंपनीकडनं?"

घराच्या पुढच्या भागात आक्का, मागच्या भागात त्यांची भावजय. मी तिला काकू म्हणायची. मधे एक चौक, चौकात नळ. काकूंचं माहेर निपाणीचं, तंबाखूच्या वखारवाल्यांचं. त्यांचा मुलगा म्हणजेच तो सिंगापूरचा भाचा. आक्कांचा भाऊ वारल्यापासून नणंद-भावजय एकमेकींशी बोलत नव्हत्या.

कारण मला शेजारणीनं सांगितलं. बाराव्याच्या पंगतीत काकू वाढत होत्या आणि आक्का सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "एवढं मीठ त्याला खायला घातलं नसतंस, तर आज ही पंगत बसली नसती." काकूंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि आत गेल्या. त्या दिवसापासून एक शब्द नाही. आक्कांचं त्यावरचं म्हणणं ठरलेलं होतं, "मी खरं बोललो. खऱ्याची माफी मागतात व्हय?" भावाला रक्तदाबाचा त्रास होता हे खरं, आणि त्याच्या ताटातलं लोणचं आक्काच बरणी फोडून पोचवायच्या हेही शेजारीण म्हणाली.

मी राहायला आले आणि दोघींना एक टपालखातं मिळालं. सकाळी चौकात तिघी उभ्या असायचो. आक्का म्हणायच्या, "काकूंना सांग, नळ वाहतोय." काकू दोन हातांवर उभ्या. त्या नळ बंद करायच्या आणि म्हणायच्या, "त्यांना सांग, केला बंद." मी आक्कांकडं वळून म्हणायची, "केला बंद." "ऐकलं," आक्का म्हणायच्या. सुरुवातीला मी दोन-तीनदा नुसती मान हलवून बघितली. ते चाललं नाही. निरोप शब्दांत पोचावा लागे.

भाचा आईला वेगळा फोन करायचा, आत्याला वेगळा. एकदा आक्कांना फोनवर म्हणाला, "आत्या, तुझ्या सगळ्या बाहुल्या एकसारख्या दिसतात गं."

"म्हणून तर एका कपाटात नांदत्यात," आक्का म्हणाल्या.

त्याच भाच्यानं पुढच्या खेपेला मुद्दाम कोरी बाहुली पाठवली. खोकं उघडलं, वरचा कापूस काढला आणि आम्ही दोघी वाकून बघायला लागलो. नाक होतं, ओठांचा उंचवटा होता, पण भुवया नाहीत, पापण्या नाहीत, रंग नाही. उकडून सोललेल्या अंड्यासारखं तोंड. आक्कांनी फोन लावला. "अरे, तोंड न्हाय हिला."

"तेच तर. तुला पाहिजे तसं करून घे. एक तरी तुझी असू दे."

आक्कांनी बाहुलीच्या तोंडावर रुमाल टाकला आणि मला कंपनीला लिहायला बसवलं. कंपनीचं उत्तर नम्र होतं: परत पाठवा, आम्ही आमच्या ठरलेल्या नमुन्यानं रंगवून देऊ. सोबत नमुन्याचा फोटो. गुलाबी गाल, किंचित हसू. आक्कांनी फोटो मोठा करून बघितला, मग बाजूला ठेवला, मग परत बघितला.

"ही हसतीय कशाला?" त्या म्हणाल्या. "हिला काय झालंय हसायला?"

जन्मभराच्या निष्ठेला तडा गेला तो इथं. त्यांनी बाहुली परत पाठवली नाही आणि रंगवायलाही दिली नाही. उन्हाळा गेला, पावसाळा लागला, रुमाल तसाच. दरम्यान त्यांनी साऱ्या टिळकवाडीचं मत घेतलं. सकाळी फिरायला येणाऱ्या बँकेतल्या जुन्या मैत्रिणी, दातांचा डॉक्टर, कोथिंबीरवाली, कुणालाही थांबवून विचारायच्या, कंपनीचं बरं की करून घेतलेलं? ऐकणाऱ्याला वाटे सोफ्याबद्दल चाललंय. कोथिंबीरवालीनं ठामपणे सांगितलं, की करून घेतलेलं टिकतं. फिरायला येणाऱ्या एका निवृत्त मॅनेजरबाई वैतागून म्हणाल्या, "अगं, सीमाप्रश्नाचा निकाल आधी लागेल." आक्का शांतपणे म्हणाल्या, "त्यात सुद्धा दोन्हीकडचं ऐकून घ्यायलेत की."

करून घेण्याविरुद्ध त्यांचा सगळ्यात मोठा मुद्दा असा: रंगवणारी म्हणाली, मला अशीच दिसली, तर? कंपनीला दिसत काही नाही, त्यामुळं भीती नाही.

मीच शेवटी फोनवर शोधून काढलं, की हे काम करणारी एक मुलगी निपाणीत आहे. घरबसल्या करते, मुंबई-बेंगळुरूची गिऱ्हाइकं तिच्याकडं डोकी पाठवतात. निपाणीचं नाव काढल्यावर आक्कांनी मागच्या भागाकडं बघितलं आणि आवाज बारीक केला. "कुणाला सांगू नको," म्हणाल्या. कुणाला म्हणजे कुणाला हे सांगायला नको होतं. त्यासाठीच तर मी पगाराविना नोकरीला होते.

नुसतं डोकं न्यायचं होतं. आक्कांनी ते मऊ फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातलं आणि डबा मांडीवर घेऊन एस्टीत बसल्या. बस वळणावर हेलकावली की डब्यात टक्क आवाज व्हायचा. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता कन्नडमध्ये सहज विचारलं, "डब्ब्यादाग एनैति, आक्कार?" डब्यात काय आहे?

"तली," आक्का म्हणाल्या. डोकं.

कंडक्टरनं आक्कांच्या तोंडाकडं बघितलं, डब्याकडं बघितलं, आणि तो पुढं गेला. निपाणी येईपर्यंत आमच्याकडं परत फिरकला नाही. आमच्या शेजारची बाई संकेश्वरला उतरायची होती, ती हुक्केरी फाट्यालाच उठून दारात जाऊन उभी राहिली.

मुलगी पंचविशीची. एका बैठ्या घराच्या माळवदावर पत्र्याची खोली, टेबलावर भिंग, रंगीत खडूंची पूड केलेल्या बारक्या वाट्या, सुईएवढ्या टोकाचे ब्रश. भिंतीशी फळीवर वेगवेगळ्या गिऱ्हाइकांची डोकी ओळीनं ठेवलेली. खाली तिची आई आम्हाला म्हणाली होती, "नोकरी सोडून हे करत बसलीय. तुमी तरी समजावून सांगा."

आक्कांनी आधी सगळी डोकी एकेक करून भिंगाखाली तपासली. काही सापडलं नाही. त्यामुळं त्या जरा नाराजच झाल्या. "चुकलं तर?" त्यांनी विचारलं.

"पुसता येतंय की आक्का. वरचा थर काढला की परत कोरं."

"पुसता येतंय?" आक्का खुर्चीत मागं रेलल्या. "मग रंगव."

"स्वभाव कसा हाय हिचा?" मुलीनं विचारलं.

"कुणाचा?"

"बाहुलीचा."

"अगं, राळेला कसला स्वभाव? सुबक रंगव म्हंजे झालं."

"सुबक तर कंपनी पण रंगवतीय की. मग माझ्याकडं कशाला आलासा?"

आक्कांशी असं कुणी बोलत नसे. मी खिडकीबाहेर बघायला लागले. पण आक्का चिडल्या नाहीत. पदराला हात पुसले, कोरं डोकं उचलून जरा वेळ हातात धरलं, आणि बोलायला लागल्या, आधी अडखळत.

"तरणी असू दे. पण लगीन होऊन आलेली. परक्या घरात नवी. डावी भुवई जराशी वर. गर्व म्हणून नव्हं गं. समोरचा काय बोलणार ते आधीच कळलेलं असतंय बघ काहीजणांना, तशी." मुलगी हातात पेन्सिल धरून ऐकत होती. "ओठ मिटलेले. बोलायला न्हाय म्हणून नव्हं, लई हाय, पण दाबून धरलंय. खालचा ओठ आतनं दातात धरल्यावर कसा दिसतो, तसा."

"आणि डोळे?"

"रडवे करू नको हं. रडणं संपलेलं असू दे." आक्का थांबल्या. "मागं भांडी घासताना रडून घ्यायचं, मग आत येऊन कांदा चिरायला बसायचं. म्हंजे कुणी विचारलं तर कांद्याचं नाव सांगता येतंय. तसे. आणि नाकाचा शेंडा तांबूस. तेवढा एक तासभर जात न्हाय."

तोवर मला वाटत होतं, आक्का मनानं रचून सांगतायत. नाकाच्या शेंड्याला मी चमकले. ते नाक मी रोज सकाळी नळावर बघत होते. मी आक्कांकडं बघितलं. एखादी सही कशी आहे ते सांगावं इतक्या सहज त्या सांगत होत्या, आणि ती सही कुणाची हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. मी गप्प राहिले. बोलले असते तर डोकं डब्यात घालून आक्कांनी तीच बस परत धरली असती.

परतीच्या वाटेवर त्या खुशीत होत्या. "बऱ्यापैकी सांगितलं नव्हं मी? काय ठरवून गेलतो न्हाय. आपोआप सुचत गेलं."

मुलीनं सांगितल्याप्रमाणे दसऱ्याच्या आधी काम पुरं केलं. बेळगावात रंग घ्यायला यायचंच होतं, म्हणून स्वतःच डोकं घेऊन आली. रविवार होता. आक्का बाजारात गेलेल्या. मी वर गच्चीवर केस वाळवत होते, तिथून फाटक दिसत होतं. फाटक काकूंनी उघडलं.

मुलगी दोन पावलं आत आली आणि थबकली. "अगंबाई," ती म्हणाली, "तुमीच व्हय!"

"मी कोण?"

"तोंड तुमचंच की. मला काय म्हाईत, खरंच कोण असंल म्हणून. घ्या." आणि तिनं हातातली पेटी काकूंच्या हातात दिली.

मी धावत खाली येईपर्यंत काकू पायरीवर बसल्या होत्या. पेटीत कापूस, कापसात मुठीएवढं तोंड. मी बघितलं. वीस-बावीस वर्षांच्या काकू. भुवई, ओठ, तांबूस शेंडा, सगळं होतंच, पण त्या मुलीनं डोळ्यांच्या कडांना जो ओला, निबर झालेला रंग दिला होता तो बघून मला वाटलं, आपण कुणाच्या तरी खोलीत न विचारता शिरलोय.

काकूंनी पापणी हलवली नाही. "हे कुणी करायला सांगितलं?" त्यांनी मला विचारलं. मी पुढच्या दाराकडं बोट केलं. तेवढ्यात फाटक वाजलं आणि भाजीची पिशवी घेऊन आक्का आत आल्या.

"वन्सं," काकू म्हणाल्या, "हे काय?"

मी सवयीनं निरोप पोचवायला आक्कांकडं वळले. मग ध्यानात आलं, की निरोप माझ्याकडं दिलेलाच नाही.

आक्कांनी पिशवी ठेवली, चष्मा लावला, डोकं उजेडाकडं धरलं. संशयित चेक धरतात तसं. बराच वेळ गेला. मग त्या मुलीकडं वळल्या. "हे काय करून आणलंस?"

"तुमी सांगितलंसा तसंच."

"मी हिचं नाव घेतलतो?"

"नाव न्हाय घेतलं."

"मग तू हिला बघितलंस. निपाणीची तुमी सगळी एकमेकांची पाव्हणी."

"निपाणी म्हंजे काय आमच्या घरची पडवी हाय?" काकू म्हणाल्या. "ह्या पोरीला मी आज पैल्यांदा बघते."

मुलगी रडवेली झाली. "आक्का, मी कुणाला कशाला बघू? तुमीच म्हणालासा, मागं भांडी घासताना रडायचं, आणि मग कांदा चिरायला—" तिला कळलं आणि ती थांबली.

मग काकूंनी विचारलं, "ते तुमी कवा बघितलंसा?"

"चौकातनं सगळं दिसतंय. मी काय डोळे झाकून फिरू?"

"आणि बघून गप ऱ्हायलासा. एवढी वर्षं."

"मग काय करायचं होतं मी?"

"आत यायचं. बसायचं जरा शेजारी."

"आलो असतो, तर तू कांदा म्हणाली असतीस."

काकूंनी यावर खरोखर विचार केला. "व्हय," त्या म्हणाल्या, "म्हणाले असते."

आक्कांनी डोकं मुलीपुढं धरलं. "पुसून टाक गं हे. थर काढला की कोरं होतंय म्हणालीस नव्हं?"

काकू उठल्या आणि त्यांनी ते आक्कांच्या हातातून काढून घेतलं. "तोंड माझं हाय. पुसायचं का ठेवायचं ते मी सांगणार." मग परत त्याच्याकडं बघून, "भुवई मात्र एवढी वर न्हाय माझी."

"हाय."

"न्हाय."

"आत्ता हाय तेवढीच हाय. जा गं, आरसा आण," आक्का मला म्हणाल्या.

भुवईचं भांडण जेवायच्या वेळेपर्यंत चाललं. मुलीला दोघींनी आपापल्या बाजूला ओढलं; ती पेन्सिल आणि खोडरबर घेऊन मधे बसली होती आणि मला खुणेनं विचारत होती, बस किती वाजता आहे. शेवटी भुवई आहे तशीच राहिली. काकूंनी सगळ्यांची पानं मागच्या घरात मांडली. आक्का उंबऱ्यापाशी घुटमळल्या, मग आत येऊन बसल्या. आमटी वाढली. पहिला घास घेऊन आक्का ताटाकडं बघत म्हणाल्या, "जरा मीठ दे गं वैनी."

काकूंनी मीठ आणून वाढलं. आक्कांनी ते सगळं कालवून खाल्लं, आणि त्यानंतर दिवसभर त्यांना पाणी पुरेना.

माझं टपालखातं त्या दिवशी बंद पडलं. दोघींत गोडीगुलाबी झाली म्हणावं तर तसंही नाही. जे न बोलून साठलं होतं ते आता रोज चौकात थोडं थोडं बाहेर पडू लागलं: कुठल्या साली कुणी कुणाला काय म्हटलं, भावाला शेवटी बेळगावात ठेवायचं होतं की मिरजेला न्यायचं होतं, नळ कुणी वाहता ठेवला. कधी आवाज चढायचे, कधी एकीचा आवाज मधेच बंद पडायचा आणि दुसरी चहा टाकायची. मला वरून वाटायचं, निरोप्याची नोकरी बरी होती. निदान शांतता होती. एक फरक मात्र पडला. आक्कांनी कंपनीला तक्रारी लिहायचं बंद केलं. त्यांना आता घरातच उत्तर मिळत होतं.

बाहुलीला काकूंनी आपल्या जुन्या इरकली लुगड्याच्या तुकड्याचं पातळ नेसवलं आणि आक्कांनी ती कपाटात मधोमध ठेवली, बाकीच्यांना सरकवून.

त्या दिवाळीला भाचा आला. मी पाडव्याला कडोलीहून फराळाचा डबा घेऊन आले, तेव्हा तो कपाटासमोर उभा होता. देखणा, भरल्या अंगाचा, आईवर मुळीच न गेलेला मुलगा. काकू त्याच्याशेजारीच चकल्यांची ताटली घेऊन उभ्या होत्या. आक्का खुर्चीत.

"आत्या, ही ती कोरी नव्हं?" तो म्हणाला. "करून घेतलीस म्हण की!"

"व्हय. निपाणीत."

त्यानं वाकून बघितलं. फोन काढून एक फोटो घेतला. काचेच्या अलीकडं काकूंचं तोंड, पलीकडं ते तोंड, मधे हातभर अंतर. कुणाला तरी आता गहिवरून येणार आणि मी डबा घेऊन मधेच उभी.

"काम सफाईदार आहे," तो म्हणाला. "पण एक सांगू का? एवढी निपाणीला जाऊन करून घेतलीस, तर कुणाच्या तरी तोंडासारखी करायची होतीस. ओळखीचं वाटायला पाहिजे बघ. हे तर कंपनीचंच वाटतंय."

काकूंची डावी भुवई वर गेली. आणि मग ती हळूहळू खाली आली. हे मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

मी आक्कांना ओळखत होते. केसभर फरक न दिसलेल्या माणसाला त्या तासभर सोडत नसत. त्या खुर्चीतून उठल्या, चष्मा काढला, तोंड उघडलं, आणि काकूंकडं बघितलं. काकूंनी नको म्हणून मान हलवली, दुसऱ्या कुणाला दिसली नसती एवढीच.

"कंपनीचंच हाय रे," आक्का म्हणाल्या. "निपाणीची पोरगी त्यांचंच बघून काढती."

"तरीच," भाचा म्हणाला.

आक्कांनी काकूंच्या हातातली ताटली काढून घेतली आणि त्याच्या हातात दिली. "तू खा," त्या म्हणाल्या. "बघायचं काम आमच्याकडं असू दे."